डाव्या बाजूचा शॉट

माझं नाव रईस. धारूरला मी लग्नांची शूटिंग करायचो. खांद्यावर ठेवायचा मोठा व्हीएचएस कॅमेरा, दोन हॅलोजन, आणि हॅलोजन धरायला माझा थोरला भाऊ इलियास. शिवकांताअक्कांचं जे झालं ते माझ्या कॅमेऱ्यातून झालं, म्हणून ते दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

शहाण्णव साल होतं. परळीत योगीराजशेठचं व्हिडिओ थिएटर होतं, पत्र्याचा हॉल आणि लाकडी बाकडी. घरोघर केबल आली आणि बाकडी रिकामी पडायला लागली. शेठनं ठरवलं, आपणच पिक्चर काढायचा. भुताचा.

"केबलवरच्या भुतांना रबराचे दात असतेत," तो मला म्हणाला. "मला मी लहानपणी बघितलेलं भूत पाहिजे. मेणबत्ती, आपोआप हलणारा झोपाळा, पांढरं पातळ, लांबून येणारं गाणं. आन् रंग काढून टाकायचे. सगळं काळंपांढरं."

जागा त्यानं हेरून ठेवली होती. धारूरच्या घाटात निजामाच्या काळातला एक डाकबंगला बंद पडलेला होता. कौलं, उंच दारं, खिडक्यांना गज. तिथं लाईट न्हाई, लहान जनरेटरवर कसाबसा एक हॅलोजन चालायचा, म्हणून आम्ही भर दुपारी रात्र करायचो. भिंगापुढं काळपट काच लावायची, उजेड कमी करायचा, की बारा वाजताचं ऊन चांदण्यासारखं दिसायचं. पिक्चरचं नाव 'बंगल्याची मालकीण'. नवऱ्यानं मारलेली मालकीण भूत होऊन बंगल्यात फिरते, एवढीच गोष्ट.

शिवकांताअक्का म्हणजे बाजारातल्या किराणावाल्या संगमेशअप्पांची धाकटी बहीण. वय तिशीचं. सहा वर्षांपूर्वी सासरी भाजली. स्टोव्हचा भडका उडाला असं तिनं जबाबात सांगितलं, आणि दवाखान्यातून नवऱ्यानं परस्पर तिला भावाच्या दारात आणून सोडलं. चेहऱ्याची उजवी बाजू जशीच्या तशी होती, चांगली देखणी. डावी बाजू कानापासून हनुवटीपर्यंत वितळून खाली आल्यासारखी. अक्का डोक्यावरचा पदर डाव्या गालावरून ओढून दातात धरायच्या आणि दुकानामागच्या खोलीत ब्लाऊज शिवायच्या.

योगीराजशेठ दुकानात सुपारी घ्यायला गेला, तेव्हा अक्का नेमक्या पुढं आल्या होत्या आणि वाऱ्यानं तो पदर उडाला. बाहेर येऊन तो मला म्हणाला, "रईस, मेकअपवाला नको आता."

अक्कांना मात्र वेगळंच सांगण्यात आलं.

"तुमी मालकीण करायची. जिवंतपणीची मालकीण," शेठ म्हणाला. "शूटिंग फक्त उजवीकडून. दागिने, शालू, सगळं. भूत करायला दुसरी बाई येणार हाय."

"माझ्यासारखीला कावून घेताव?" अक्कांनी विचारलं.

"उजवीकडून बघा म्हणावं कुणालाबी. हाय का अशी बाई धारूरमध्ये?"

संगमेशअप्पा शेजारीच उभे होते. त्यांना खरं काय ते आधीच सांगितलेलं होतं. ते म्हणाले, "कर की. घरी बसून तरी काय करायलीस?"

पहिले दोन दिवस अक्का वेगळ्याच होत्या. हिरवा शालू, नाकात नथ, कपाळावर विभूती आणि कुंकू. झोपाळ्यावर बसून पान लावायचा शॉट होता. मी कॅमेऱ्यातून बघत होतो आणि खोटं सांगत न्हाई, ती बाई पडद्यावर बघत राहावी अशी होती. शॉट संपला की त्या हळूच विचारायच्या, "रईसभाई, बरी दिसले का?" मी म्हणायचो, लई छान.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्या माझ्याशी बोलत बसल्या. म्हणाल्या, "सहा वर्षं झाली, मी आरशात बघितलं न्हाई. केससुद्धा अंदाजानं विंचरते. आता तुमच्या पिक्चरमध्येच बघणार मी मला."

ही गोष्ट मी सहज योगीराजशेठला सांगितली. वाईट मनानं न्हाई सांगितली. पण सांगितली मीच.

तिसऱ्या दिवशी खोलीत एक पुरुषभर उंचीचा आरसा आणून ठेवलेला होता. त्यावर पांढरी चादर टाकलेली, चादरीला बारीक दोरी बांधलेली, दोरी मागच्या खिडकीतून बाहेर काढलेली. शेठनं मला कोपऱ्यात उभं केलं, आरशातलं दिसेल असं. तेव्हा मला कळलं. मी त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, "एकदाच मिळणार हाय हा शॉट. हात हलवू नको, बे."

मी कॅमेरा खाली ठेवायला पाहिजे होता. मी फोकस केला.

अक्कांना सांगितलं होतं, चादरीकडं तोंड करून बसा, केस मोकळे सोडा, पदर खाली घ्या, तुमची पाठच दिसणार हाय. त्या बसल्या. पदर सोडला. इलियासनं हॅलोजन लावला. शेठनं बाहेरून दोरी ओढली.

चादर पडल्यावर पहिले दोन-तीन सेकंद अक्का नुसत्या बघत होत्या. आरशातली बाई कोण, हे त्यांना कळलंच न्हाई. त्यांनी मान थोडी वाकवली. तिनंबी वाकवली. मग त्यांनी गालाला हात लावला.

तसं ओरडणं मी पुन्हा कुठं ऐकलं न्हाई. इलियासच्या हातातला हॅलोजन हलला, त्यानं सावल्या भिंतीवर पळाल्या, आणि तेसुद्धा शॉटमध्ये आलं. शेठ बाहेरून टाळ्या वाजवत आला. "ओके! एकदम ओके!"

अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी पाणी दिलं.

"हे ठेवू नका, रईसभाई," त्या म्हणाल्या.

"काढून टाकू, अक्का."

हे मी खोटं बोललो, आणि बोलताना मला ते माहीत होतं.

महाशिवरात्रीला परळीत यात्रा भरते. त्याच आठवड्यात पिक्चर लागला. दुपारच्या खेळाला अक्का आपल्या भाचीला, दहा वर्षांच्या स्वप्नालीला घेऊन आल्या. अंगावर नवी साडी होती. हॉल भरलेला, माणसं उभी होती.

उजव्या बाजूचे शॉट पिक्चरमध्ये नव्हतेच. जिवंतपणीची मालकीण म्हणून शेठनं लातूरची एक तमासगीर मुलगी घेतली होती. अक्का पडद्यावर आल्या त्या फक्त आरशात. ते ओरडणं शेठनं चार वेळा वापरलं होतं. शेवटी तोच चेहरा पडद्यावर गोठवून ठेवला, बराच वेळ. पहिल्यांदा पब्लिक किंचाळलं. दुसऱ्यांदा शिट्ट्या. चौथ्यांदा लोक पडद्यावरच्या अक्कांबरोबर ओरडायला लागले आणि हसायला लागले.

स्वप्नाली डोळे झाकून म्हणाली, "आत्या, घरी चल." अक्का शेवटपर्यंत बसल्या. मी दाराशी उभा होतो. बाहेर येताना त्या माझ्यापुढं थांबल्या.

"माझे झोपाळ्यावरचे शॉट कुठं हायेत?"

"ती कॅसेट... तिच्यावर नंतर एक लग्न घेतलं, अक्का."

"कुणाचं?"

मी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गेल्या.

कॅसेट जिल्हाभर फिरली. धारूरमध्ये पोरं त्यांच्या खिडकीखाली येऊन तसं ओरडायची. गरोदर बायांनी दुकानावरून जाणं सोडलं, ब्लाऊज यायचे बंद झाले. मग योगीराजशेठ पुन्हा आला. पिक्चरची गर्दी ओसरत होती. त्याचं म्हणणं असं, की अक्कांनी थिएटरच्या दाराशी पडद्यामागं बसावं, लोक आत जाताना मेणबत्ती धरून तोंड दाखवावं. अक्का दोनदा न्हाई म्हणाल्या. तिसऱ्यांदा संगमेशअप्पांनी त्यांची पत्र्याची पेटी स्वतःच एसटीच्या टपावर ठेवली.

परळीत त्या एका भाड्याच्या खोलीत राहिल्या आणि रोज दुपारी पडद्यामागं बसल्या. महिन्याभरात त्यांना ते जमलं. कुणाला कधी दाखवायचं, किती वेळ दाखवायचं, कुणाच्या कानाजवळ श्वास सोडायचा. बायकांना आणि लेकरांना त्या तशाच आत जाऊ द्यायच्या. मोठ्यानं हसत येणारे गडी मात्र नेमके धरायच्या. एक जण घाबरून मागच्या माणसावर पडला आणि त्याचा हात मोडला. अक्का हसल्या. मी तिथंच होतो. आरशातलं ओरडणं मी सहन केलं होतं, ते हसणं मला ऐकवेना.

पावसाळ्यात शेठनं दुसऱ्या भागाची तयारी सुरू केली. आता दोन भुतं पाहिजे होती, जावा-जावा. ही बातमी कशी पसरली कोण जाणे, पण एक दिवस लिंबागणेशकडचा सुग्रीव नावाचा माणूस आपली मुलगी घेऊन थिएटरच्या ऑफिसात आला. अक्का आणि मी तिथंच बसलो होतो. मुलगी प्रणिता, एकोणीस वर्षांची. गळा आणि जबडा भाजलेला. जखम अजून लालच होती.

शेठनं तिला खिडकीजवळ उभं केलं, मान इकडं कर, तिकडं कर म्हणाला. "कशानं भाजलं?"

"स्टोव्हचा भडका," सुग्रीव म्हणाला.

"नवऱ्यानं रॉकेल वतलं," मुलगी म्हणाली.

"गप बस!" सुग्रीव ओरडला. मग शेठकडं वळून म्हणाला, "शिकवलं तसं करील, मालक. अंगानं धडधाकट हाय."

शेठनं अक्कांना पुढं बोलावलं. "अक्का, बगा बरं. तुमच्या हाताखाली चालंल का?"

अक्कांनी पदर खांद्यावर टाकलेला होता. त्यांनी प्रणिताची हनुवटी धरून तोंड उजेडात घेतलं. मुलगी त्यांच्याकडं बघून मागं सरकली, पण हनुवटी त्यांनी सोडली न्हाई. बराच वेळ बघितलं.

"ही चालायची न्हाई," अक्का म्हणाल्या. "एवढ्याशा डागाला कोण भितंय? डोळे बगा, वासरासारखे. लोक हसतेल." मग त्या सुग्रीवकडं वळल्या. "अजून थोडी जाळा, मग आणा."

सुग्रीवची मान खाली गेली. प्रणिताच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "तुमच्यापरीस तर मी लई बरी हाय."

"हायेसच," अक्का म्हणाल्या. "म्हणूनच म्हणते, जा. शिवण शीक, शेतात राब. पण हितं पुन्हा येऊ नको."

ती दोघं गेली. शेठ चिडला, "चांगली होती की पोरगी!" त्या दिवशी अक्का पडद्यामागं बसल्या न्हाईत आणि नंतरही कधी बसल्या न्हाईत. खोलीत मशीन आणलं आणि वीज केंद्राच्या कामगारांचे कपडे शिवायला लागल्या. शेठनं दुसरा भाग रबराच्या मुखवट्यावर काढला. लोक पोट धरून हसले, आणि थिएटर बंद पडलं.

दिवाळीच्या आधी मला लिंबागणेशला एका लग्नाच्या शूटिंगचं काम ठरवायला जायचं होतं. तिथं कळलं. काम मिळालं न्हाई, पोरगी पोसणं परवडेना, म्हणून सुग्रीवनं प्रणिताला परत सासरी नेऊन घातलं होतं. पंधरा दिवसांत ती गेली. यावेळी पूर्णच जळाली.

मी परळीला जाऊन अक्कांना सांगितलं. त्यांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"ती माझ्यापुढं म्हणाली होती, नवऱ्यानं रॉकेल वतलं. तुमीबी ऐकलं ना?"

"ऐकलं."

"चला मग."

आम्ही ठाण्यात जाऊन जबाब दिला. तिथल्या शिपायानं अक्कांना ओळखलं आणि आतल्या दोघांना बघायला बोलावलं. अक्का तोंड न झाकता बसून राहिल्या, जबाब लिहून होईपर्यंत.

केस उभी राहिली. दोन वर्षांनी साक्ष झाली. आरोपीच्या वकिलानं पहिलाच प्रश्न विचारला, "'बंगल्याची मालकीण'मधल्या त्या तुम्हीच ना?"

"हो."

"म्हणजे पैसे घेऊन लोकांना घाबरवणं हा तुमचा धंदा?"

"होता."

कोर्टात हशा पिकला. सुग्रीव साक्षीला उभा राहिला आणि म्हणाला, स्टोव्हचा भडका उडाला, पोरीनं मला तसंच सांगितलं होतं. नवरा सुटला.

बाहेर चिंचेखाली मी अक्कांना म्हणालो, "मला माफ करा."

"न्हाई," त्या म्हणाल्या. रागानं न्हाई. दुकानात माल शिल्लक नसला की सांगतात तसं.

पुढच्या वैशाखात प्रणिताच्या नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची शूटिंग सांगायला त्याचे लांबचे पाहुणे माझ्याकडं आले; माझा जबाब त्यांना ठाऊक नव्हता. मी काम घेतलं न्हाई. अक्कांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "नवरी कुठली हाय?"

मी गावाचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या तिकडं गेल्या. नवरीच्या बापानं त्यांना अंगणात येऊ दिलं न्हाई, पोरांनी खडे मारले, कुणीतरी ते पिक्चरमधलं ओरडून दाखवलं. त्या रस्त्यावर उभं राहून प्रणिताचं सगळं सांगत राहिल्या. शेवटी आतून नवरीची आई बाहेर आली. अक्कांपुढं उभी राहून तिनं त्यांचा चेहरा बघितला, डावी बाजू, नीट. मग घरात जाऊन तिनं ठरलेल्या लग्नाची सुपारी परत पाठवली.

नवरदेवानं दोन महिन्यांनी सोलापूरकडची मुलगी केली. शूटिंगवालाही त्यांनी तिकडूनच आणला म्हणे. गावाचं नाव आम्हांला शेवटपर्यंत कळलं न्हाई.