लाल ठिपक्याचा कप

"या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायची कुठल्याही रोगाची आजवर छाती झालेली नाही!" असं जाहीर करून निवृत्त कंपाउंडरांनी ओठाच्या कोपऱ्यातला पाण्याने टरारलेला फोड रुमालाने टिपला. पस्तीस वर्षं दवाखान्यातल्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवून त्यांना डॉक्टरांपेक्षा चार गोष्टी जास्तच कळू लागल्या होत्या.

मुलगी अकरा दिवसांचं बाळ घेऊन दारात उभी होती. पहिलं नातवंड! कंपाउंडरांनी हात पसरले, ओठांचा चंबू केला. नर्स असलेली मुलगी दोन पावलं मागे सरली.

"बाबा, मुका नाही. हा हर्पीस आहे."

"हॅट! अंगातली उष्णता बाहेर पडतेय. हर्पीस तुझ्या आईला होतो."

आईचा कप बत्तीस वर्षं वेगळा होता. लाल नेलपॉलिशचा ठिपका कंपाउंडरांनी स्वतः लावला होता. तिच्या ओठावर फोड उठला की चारचौघांत ते बजावायचे, "हिच्या कपाला शिवू नका हं!" आपल्याला येते ती उष्णता, बायकोला होतो तो रोग.

"आईला लग्नाआधी कधी झाला नव्हता," मुलगी म्हणाली. "आणि लग्नाच्या फोटोत तुम्ही तोंडावर रुमाल का धरलाय?"

"घाम पुसत होतो."

"ओठाच्या एकाच कोपऱ्याला? बाबा, हा विषाणू एकदा शिरला की नसांत झोपून राहतो. ताप आला, ऊन लागलं, दगदग झाली की उठतो. आपल्याला फोड येऊन जातो, पण इवल्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं. खपली पडेपर्यंत लांबूनच बघायचं. नंतर हात साबणाने धुऊन बाळाला घ्या, पण मुका तेव्हाही नाही."

कंपाउंडरांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. नवरदेवाचा रुमाल अजून तिथेच होता.

बायकोने त्यांच्यापुढे चहा ठेवला. लाल ठिपक्याच्या कपात. मग तिने न सांगता हात धुतले, पुसले आणि बाळाला खांद्याशी घेतलं. तिचा ओठ आज स्वच्छ होता.

कंपाउंडरांनी घसा खाकरला. "अगं, गेल्या बत्तीस वर्षांत अज्ञानापोटी माझ्या हातून जो काही..."

"चहा निवतोय," ती बाळाला थोपटत म्हणाली. "आणि अहो, कप तेवढा वेगळा विसळा."