सरकारी रेडिओपुढचं रडणं

भिवापूरच्या मनोहरराव मालगुजारांना रावसाहेब व्हायचं होतं, आणि लढाईच्या त्या दिवसांत रावसाहेबीचा रस्ता रेडिओतून जात होता. रेडिओ सरकारचा, पैसा गावाचा. बाजारात उतरणाऱ्या मिरचीच्या पोत्यामागं चंदा कापला, तेव्हा कुठं ती पेटी मनोहररावांच्या ओसरीवर आली. ऐकायचं मात्र सरकार बोलेल तेवढंच. बर्लिन लावलं की तुरुंग.

तुरुंगात गेला पंचफुलाचा नवरा, नत्थूजी. पेटी चालवायचं काम त्याचं. गाव पांगलं की गावाचे मालक मनोहररावच म्हणत, "लाव गा बर्लिन, पाहू तो काय म्हणून राहिला." पुढं खबर फुटली. मालकांनी हात झटकले, नत्थूजीचं नाव पुढं केलं. तो तुरुंगातच तापानं गेला. मातीसुद्धा पंचफुलाच्या हाती आली नाही.

"फिर्याद कर वं," शेजारणी म्हणाल्या.

"कोठं करू? फिर्याद तं मालकाच्याच ओसरीवर लिहून घेऊन राहिले."

पण एक वाट होती. माणूस जिथून शेवटचा नेला, तिथं जाऊन बायकोनं रडायचं, असा रिवाज. रडणारीला पुरुषानं अडवायचं नाही. त्या घरच्या बाईनं पाणी दिलं की मगच ती थांबते. पंचफुला तर नवरा गेल्यापासून रडलीच नव्हती. लोक दगड म्हणाले. आसवं तिनं व्याजानं लावली होती.

एक दिवस नागपूरहून गोरा साहेब रेडिओ पाहायला आला. मराठीची परीक्षा पास झालेला, आणि त्याचा तोरा मिरवणारा. हारतुरे झाले. पेटीतून दिल्ली बोलू लागली, फौजा पुढं सरकू लागल्या, आणि पंचफुलानं पेटीपुढं अंग टाकलं.

"अगा माह्या राजा! इथूनच नेलं गा तुले! मालक म्हणे बर्लिन लाव, तू लावलं गा! कान मालकाचे, बेड्या तुले गा!"

"चूप वं!" मनोहरराव ओरडले. "साहेब बसून राहिले, दिसत नाही काय?"

"रडू द्या," साहेब म्हणाला. "हा तुमचा रिवाज आहे. मी वाचला आहे."

"पेटीच्या काचेवर चुन्याचं बोट लावलं गा मालकानं, बर्लिन सापडावं म्हणून! तू तं जन्मात पान खाल्लं नाही गा, राजा!"

साहेब उठून पेटीवर वाकला. चुन्याचा ठिपका होता. दिल्लीवर नव्हता. मनोहररावांनी तोंडातलं पान गिळून टाकलं.

"अवं, पाणी आण लवकर!" त्यांनी बायकोला हाक मारली.

"आणून राहिली जी," आतून रंभाबाई म्हणाल्या. त्यांच्या पाटल्या मालकांनी न विचारता युद्धफंडात देऊन टाकल्या होत्या. रंभाबाईंनी भरलेला गडू मोरीत रिकामा केला, घागर कमरेवर घेतली आणि मागच्या दारानं गावाबाहेरच्या विहिरीची वाट धरली.

इकडं साहेबानं खुर्ची पुढं ओढून खिशातली पेन्सिल काढली.

"बाई, जरा सावकाश रडा," तो म्हणाला. "मला लिहायचं आहे."