खाचेखालचं नाव

रायफलीच्या कापलेल्या नळीचे तीन तुकडे फोटोसाठी बाकावर मांडले, चिंधीनं पुसले, आणि मधल्या तुकड्याच्या टोकाशी मला अक्षरं दिसली. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अक्षरं होतीच, आणि ती शेजारच्या तुकड्यावर पुढे जात होती. दोन्ही तुकडे जुळवून धरल्यावर वाचता आलं: डब्ल्यू. ल्योश, झूल, मे १९६१. आडनावातलं मधलं अक्षर तेवढं नव्हतं. ते माझ्या करवतीखाली गेलं होतं.

 ज्या बाईनं ही रायफल दुकानात आणली होती, तिचं नाव इर्मगार्ड ल्योश होतं.

मी बंदुका बनवणारा नाही, हे आधी सांगून टाकतो. मी टूलरूमचा माणूस. पुण्यात अकरा वर्षं, मग न्युरेम्बर्गला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत चौदा वर्षं. कंपनीनं इथला कारखाना बंद केला तेव्हा मी एक्कावन्न वर्षांचा होतो, आणि त्या वयाच्या माणसाला जर्मनीत सगळे फार सभ्यपणे नाही म्हणतात. एकट्या हेर त्सोलनरनी, म्हणजे श्रीयुत त्सोलनरनी, मला लेथवर दहा मिनिटं उभं केलं, मी पाडलेल्या आट्यांवरून नख फिरवलं आणि "सोमवारी या" म्हणाले. त्यांचं शिकारीच्या बंदुका दुरुस्त करायचं दुकान आमच्या घरापासून ट्रेननं पाऊण तासावर आहे. गेली चार वर्षं मी तिथं आहे.

सासऱ्यांना हे माहीत नव्हतं. अण्णा निवृत्त ग्रंथपाल, घरात डास मारायलाही विरोध करणारे. त्यांना यमुनानं, म्हणजे माझ्या बायकोनं, सांगून ठेवलं होतं की मी दवाखान्यातली उपकरणं बनवतो. अण्णा तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते आणि मंदिरात भेटेल त्याला अभिमानानं सांगत होते, "आमच्या जावयांच्या हातची कात्री ऑपरेशनला लागते." मी शेजारी उभा राहून प्रसादाच्या शिऱ्याकडे बघत असे.

फ्राउ ल्योश, म्हणजे त्या ल्योशबाई, फेब्रुवारीत आल्या होत्या. वय ऐंशी, पाठ ताठ. नवरा वाल्टर दोन वर्षांपूर्वी गेला. चाळीस वर्षं तो पोस्टमन होता आणि रविवारी शिकारीला जायचा. आता नातीनं शिकारीची परीक्षा पास केली होती आणि तिला आजोबांचीच रायफल हवी होती. पण नळी आतून गंजून खड्डे पडलेली.

"दोन गोष्टी करा," त्या म्हणाल्या. "नवी नळी बसवा. आणि ही कुणी बनवली ते मला सांगा. वाल्टर म्हणायचा, एका म्हाताऱ्या शिकाऱ्याकडून घेतली. पण नाव कधी सांगितलं नाही."

पहिली गोष्ट सोपी होती, दुसरीनं आम्हाला दमवलं. बोल्ट आणि त्याचं घर जुन्या लष्करी रायफलीचं होतं, ते हजारोंनी मिळत. अक्रोडाचा दस्ता कुणीतरी सवडीनं घडवलेला. नळी मात्र वेगळीच होती, बाहेरून आठ पैलूंची, पुढे निमुळती होत गोल झालेली. दस्ता काढल्यावर खाली एकच शिक्का सापडला, सरकारी चाचणीचा, १९६३चा, इकडचा, पश्चिम जर्मनीतला. बनवणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं.

हेर त्सोलनर नळी हातात घेऊन कितीतरी वेळ खिडकीपाशी उभे राहिले. "हात झूलचा आहे," ते म्हणाले. झूल म्हणजे तेव्हाच्या पूर्व जर्मनीतलं बंदुकांचं गाव. "पण तिकडचा शिक्का नाही. म्हणजे ही कारखान्याच्या दारातून रीतसर बाहेर पडलेली नाही."

मग ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले आणि मी कामाला लागलो. जर्मनीत नुसती नळीही बंदुकीइतकीच कायद्यात बसते. जुनी नळी मालकानं परवान्यावर ठेवावी, नाहीतर दुकानानं ती कापून फोटोसकट कळवावं. फ्राउ ल्योशनी कापायच्या कागदावर सही केली होती. नेम धरायची मागची खाच मला नव्या नळीवर वापरायची होती. ती कथलाच्या डाखानं चिकटवलेली असते. मी तापवून ती उचलली. खाली डाखाचा राखाडी पट्टा उरला. माझी सवय अशी की त्या पट्ट्यावरच करवत टेकवायची, कारण काळ्या नळीवर ती खूण लांबूनही दिसते. टूलरूममध्ये आम्ही असंच शिकलो, दिसेल तिथं कापा. चार वर्षांत मी चाळीसेक नळ्या तिथंच कापल्या असतील.

सोमवारी हेर त्सोलनर डोळ्याला पट्टी लावून आले. मी दोन तुकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी उघड्या डोळ्याला भिंग लावलं आणि खुर्चीत बसले.

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले. "आल्झो, म्हणजे मीच सांगायला हवं होतं. जुने कारागीर नाव खाचेखाली लिहायचे. मालकाला दिसायला नको म्हणून. पुढच्या कारागिरालाच ते सापडायचं."

"आणि पुढच्या कारागिरानं कापलं."

"गेनाऊ, अगदी तेच."

 खरं सांगतो, त्या वेळी माझ्या मनात एकच विचार होता. हे तुकडे भंगारात गेले तर कुणाला काय कळणार? नवी नळी झकास झाली होती. बाईंना सांगायचं, नाव सापडलं नाही. निम्मं खरंच होतं ते. मी तसं बोलूनही दाखवलं.

हेर त्सोलनर चिडले नाहीत. "त्यांनी काय विचारलं होतं?" एवढंच म्हणाले आणि फोन माझ्याकडे सरकवला.

फ्राउ ल्योश दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या, खांद्याला बाजाराची पिशवी, त्यातून कांद्याच्या पाती डोकावत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. रायफल तुमच्या नवऱ्यानंच बनवली. त्यांचं नाव खाचेखाली होतं. मी ते कापलं. माझी चूक आहे, मला माफ करा.

मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. तुकडे हातात घेऊन जुळवले, सोडवले, पुन्हा जुळवले.

"वाल्टर सांगायचा, तो झूलला कारखान्याच्या ऑफिसात कारकून होता," त्या म्हणाल्या. "कारागीर त्याचा भाऊ. गेरहार्ड."

"हे नाव डब्ल्यूनं सुरू होतं," हेर त्सोलनर हळूच म्हणाले.

"वाल्टरला घरात खिळासुद्धा ठोकता यायचा नाही. खिडकीची कडी तुटली तरी माणूस बोलवायचा. बावन्न वर्षं मी त्याच्या हातांची थट्टा केली."  मग त्या खुर्ची चाचपडत खाली बसल्या. मी पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"वाल्टर जूनमध्ये इकडे पळून आला. एकसष्ट सालीच. गेरहार्डला त्याच उन्हाळ्यात पकडलं. कारखान्यातली एक नळी हरवली म्हणून. चार वर्षं तुरुंगात होता तो. वाल्टर आयुष्यभर म्हणायचा, गेरहार्डनं चोरी केली नाही, मी शपथेवर सांगतो. मला वाटायचं, भावाचं प्रेम."

 मी बाकावरच्या नव्या नळीकडे पाहिलं आणि तिथूनही नजर काढून घेतली.

"दर नाताळला आम्ही त्याला पार्सल पाठवायचो. कॉफी, चॉकलेट, एकदा लोकरीचा स्वेटर, मी विणलेला. दर वर्षी परत यायचं. वर लिहिलेलं असायचं, घेण्यास नकार. मी म्हणायची, तिकडचं सरकार किती दुष्ट." त्यांनी तुकडा मांडीवर ठेवला. "वाल्टर काहीच म्हणायचा नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पार्सल बांधायचा."

मला फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठी आणि त्या पोस्टमनसाठीही. स्वतःच्या हातची सगळ्यात चांगली वस्तू त्यानं चोरली, आणि नंतर ते हात कुणाला दाखवले नाहीत.

निघताना त्यांनी दोन्ही तुकडे मागितले. कापलेला तुकडा कायद्यानं नुसतं लोखंड असतो, देता येतो. मी कागदात गुंडाळून दिले. पिशवीत ठेवताना त्या म्हणाल्या, "नवी नळी तुम्ही केलीत ना? मग नाव घाला. खाली नको. वर, उघड."

"फ्राउ ल्योश, तुमचं नाव कापणारा माणूस मी."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी जेवण जाईना. यमुनानं वरण वाढलं, अण्णांनी तूप पुढे केलं.

"आज फारसं जेवत नाही आहात, श्रीधरराव. मोठं ऑपरेशन होतं का कुणाचं?"

"अण्णा, मी दवाखान्यासाठी काही बनवत नाही," मी म्हणालो. "मी बंदुका दुरुस्त करतो. शिकारीच्या."

यमुनाचा डाव भातातच थांबला.  अण्णांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्याहून वाईट काहीतरी होतं, एखादं पुस्तक चुकीच्या कपाटात सापडावं तसं. पानातला भात त्यांनी संपवला, कारण अन्न टाकायचं नाही. मग जन्मात कधी नाही ते स्वतःचं ताट स्वतः उचललं, सिंकमध्ये ठेवलं आणि खोलीत गेले. पुढच्या रविवारी मंदिरात कुणीतरी माझ्याबद्दल विचारलं, तेव्हा मी ऐकत होतो. "लेथवर असतात," अण्णा म्हणाले, आणि चपला शोधू लागले. कात्रीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

नवी नळी म्युनिकला सरकारी चाचणीला जाऊन आली. मी तिच्यावर वरच्या बाजूनं नाव कोरलं: श्रीधर ओगले, आणि वर्ष. अक्षरं थोडी वाकडी आली. मला कोरायची सवय नव्हती.

फ्राउ ल्योश मे महिन्यात रायफल न्यायला आल्या. नात बाहेर गाडीत होती. त्यांनी चष्मा न लावता माझ्या नावावरून बोट फिरवलं.

"मी झूलला गेले होते," त्या म्हणाल्या. "गेरहार्ड नाही आता. त्याची मुलगी आहे, तीही आता साठी ओलांडलेली. दारातच सांगितलं सगळं. आत बोलावलं नाही तिनं."

"मग?"

"एक तुकडा तिच्यापुढे धरला. झूल लिहिलेला. वाल्टरच्या नावाचा माझ्याकडे ठेवला.  तिनं दार लावून घेतलं." त्यांनी रायफलीच्या पेटीची कडी लावली आणि पेटी मला उचलू दिली नाही. "पण आधी तो तुकडा माझ्या हातातून घेतला."