खुशालमामाच्या दोन टाक्या

आमच्या भागात पाण्याखाली श्वास घेता येणारा माणूस एकच, आणि तो माझा मामा. जमिनीवर मात्र बोलण्याच्या नादात तो श्वास घ्यायला थांबत नाही. सिहोऱ्याचा खुशालमामा. पुलांचे पाये बांधणाऱ्या एका ठेकेदाराकडे तो पाणबुड्यांच्या पाठीवर हवेच्या टाक्या चढवून द्यायचं काम करायचा. एकदा पाणबुड्याला ताप आला आणि ठेकेदारानं मामालाच पाण्यात सोडलं. तिथून पुढं एकूण नऊ वेळा तो नदीत उतरला. त्या नऊ वेळांची गोष्ट मी निदान नव्वद वेळा ऐकली आहे. दर वेळी नदी थोडी आणखी खोल झालेली असते.

चौऱ्याऐंशी सालची दिवाळी जवळ आली होती. मी दहावीत होते. सायकलनं लाखनीला शाळेत जात होते, बीजगणित अचानक समजायला लागलं होतं आणि, आईच्या भाषेत, माझं तोंड सुटलं होतं. पाऊस गेला तो परत आला नाही. धान गर्भात होतं. शेवटचं एक पाणी मिळालं तर लोंब्या भरणार, नाहीतर दाण्यावाचून नुसती तणस कापायची. तलाव भरलेला होता, पण तुडूम बंद पडला होता. तुडूम म्हणजे पाळीच्या, तलावाच्या बांधाच्या, आतल्या बाजूला, पाण्याखाली दोन पुरुष खोल, जुन्या लोकांनी बांधलेली दगडी खोली. तिच्यातून पाळीखालून बोगदा जातो आणि तलावाचं पाणी नहरात पडतं. त्या बोगद्यात पुरानं आणलेला एक ओंडका आडवा बसला होता आणि त्याला गाळानं घट्ट धरलं होतं. नहराच्या बाजूनं शिरावं तर भोक कोल्ह्याच्या मापाचं.

"आठ दिवस," सरपंच यादोराव म्हणाले. "तवापर्यंत पानी सुटलं नाही, तर धान गेलं समजा."

उपाय एकच होता. कोणीतरी तुडुमात शिरायचं, बोगद्यात जाऊन ओंडक्याला दोर बांधायचा आणि बाहेर यायचं. मग पाळीवरून बैलांनी ओढायचं. मामाला निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी तो एसटीतून उतरला, खांद्यावर एक टाकी घेऊन. तिच्यासाठी कंडक्टरनं वेगळं तिकीट मागितलं म्हणून त्यानं स्टँडवरच भांडण केलं होतं.

सगळं गाव पाळीवर जमलं. मामानं तोंडात रबराची नळी धरली, डोळ्यांवर काच चढवली, नारळ फुटला आणि मामा खाली गेला. सहा मिनिटांनी वर आला.

"झालं का गा?" यादोरावांनी विचारलं.

"हवा पुरत नाही." मामा धापा टाकत म्हणाला. "नदी उघडी राह्यते, हे घरावानी आहे. वर छप्पर, आत अंधार. हवेचे तीन भाग करा लागते. एक भाग जायले, एक यायले, आन एकाले हात लावाचा नाही. एका टाकीत जमत नाही, दोन पाहिजेत."

मी मनात हिशेब केला. मामा घाबरून भात्यासारखा श्वास घेत असेल, तर एका टाकीच्या तिसऱ्या भागात तो तुडुमाच्या दारापर्यंतही पोचणार नव्हता. तसं मी बोलूनही दाखवलं. आईनं चिमटा काढला.

यादोरावांना मात्र दोन टाक्यांचं लगेच पटलं. "बरोबर आहे. बैलं बी आपन जोडीनंच घेतो ना."

मामा ट्रकनं गेला आणि दुसरी टाकी घेऊन आला. लाखनीच्या ट्रक-गॅरेजवाल्यानं ट्रकच्या कमानीच्या लोखंडी पट्ट्यांनी दोन्ही टाक्या एकमेकींना जखडून दिल्या. मामानं आजवर पाठीवर दोन टाक्या कधी घेतल्या नव्हत्या. ही गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नाही. पण घाटावर सरावाला उतरला तेव्हा ती सगळ्यांनाच कळली. गुडघाभर पाण्यात तो वाकला मात्र, आणि टाक्यांनी त्याला उताणा केला. हात-पाय वर, पोट वर, तोंडात नळी. धुणं धुणाऱ्या बायका हसून हसून दगडांवर बसल्या.

"काय गा खुशाल," त्यांच्यातली सत्यभामाबाई म्हणाली, "पानी पाहाले आला होता का आभाळ?"

मी त्याला उठवलं. "मामा, पाठीवरचं वजन दुप्पट झालं, आन बुडाले कमरेले बांधलं ते शिसं तेवढंच ठेवलं. कमी नाही करा लागत का?"

"तू मले शिकवशील? नऊ वेळा उतरलो मी."

"एका टाकीनं उतरला."

दुसऱ्या दिवशी कमरेला निम्मंच शिसं होतं. ते त्याला रात्री आपोआप सुचलं होतं म्हणे.

त्यानंतर दोराचं शिक्षण झालं. मामाच्या कमरेला दोर बांधायचा आणि त्याचं दुसरं टोक वर कोणीतरी धरायचं. एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे ढील द्या. तीन म्हणजे ओढा. मामा आमच्या बाजेखाली शिरून झटके द्यायचा, मी बाजेवर डोळे मिटून बसायची आणि झटके ओळखायची. बाजेखालून त्याचा आवाज आला, आणि पहिल्यांदाच त्यात गंमत नव्हती. "रुखमे, दोन झटक्यावर कोनी ओढलं तर टाक्या दाराच्या चौकटीत अटकते. मंग मी तिथंच. हवा सरेपर्यंत."

मी शंभरदा केलं. एकदाही चुकले नाही.

बुडी मारायच्या दिवशी मी दोराची गुंडाळी खांद्यावर टाकून निघाले. तुडूम पाळीपासून पंचवीसेक हातांवर, त्यामुळं तिथवर डोंग्यानं जायचं होतं. डोंगा गोमाजीचा. मामा आत बसला होता, मी एक पाय आत टाकला.

"ए पोट्टी! कुठं चालली?" यादोराव पाळीवरून ओरडले.

"दोर धराले."

"मामा-भाची एका डोंग्यात? डुबवतं का दोघायले?"

हे मला आधीच सुचायला हवं होतं. आमच्याकडं मामा-भाची एका नावेत बसत नाहीत. का बसत नाहीत हे कोणाला माहीत नाही, पण बसत मात्र नाहीत. बीजगणित समजणाऱ्या मुलीनं इथं वाद घालायलाच हवा, म्हणून मी घातला. "पन मामा तर पान्याखाली असन! तो डोंग्यात असनच नाही!"

"जाईपर्यंत तर असन," सत्यभामाबाई म्हणाली.

"मंग मी पोहत येते."

"आन तो वर आल्यावर?"

मी मामाकडं पाहिलं. नऊ वेळा नदीत उतरलेला वीर, पाठीवर दोन टाक्या. त्यानं डोंग्याच्या तळाकडं पाहिलं. "राहू दे रुखमे. उगीच कायले?"

दोर गोमाजीच्या हातात गेला. मी त्याला तिन्ही झटके सांगायला लागले, तर तो हसला. "बाई, तीस वर्सं झाली दोर हातात धरून राहिलो. तू मले सांगशील?"

मामा खाली गेला. मी पाळीवर उभी राहून दोर बघत होते. तो सरकत सरकत आत गेला आणि थांबला. मग दोन झटके आले. मला पाळीवरून दिसले.

गोमाजी तीस वर्षं मासे धरतो. त्याच्या हातांना एकच गोष्ट माहीत आहे. दोर हलला की काहीतरी लागलं, आणि लागलं की ओढायचं. तो उभा राहिला, पाय रोवले आणि ओढायला लागला. दोर ताठ झाला. गोमाजीचा चेहरा खुलला. "लागला!"

"ढील! काका, ढील!" मी ओरडले. गावानं वेगळंच ऐकलं असावं, कारण चार जण म्हणाले, "ओढ गा, ओढ!"

मी पाळीवरून उडी मारली. पंचवीस हात पोहत गेले, डोंग्यात चढले, गोमाजीच्या हातातला दोर हिसकावला आणि ढिला सोडला. हातभर दोर खाली गेला. पाळीवरून कोणीतरी म्हणालं, "पाहा, पाहा, डोंग्यात बसली!" दोर तळहातावर सैल धरून मी मोजायला लागले. वीस. तीस. एक्केचाळीसला एक झटका आला. लगेच तीन.

मी ओढलं. मामा वर आला, डोंग्याची कड दोन्ही हातांनी पकडली आणि तोंडातली नळी थुंकून टाकली. ओठ निळे पडले होते. खांद्याजवळ शर्ट फाटला होता. त्यानं वर पाहिलं, मी दिसले.

"तू डोंग्यात काहून?"

"तुले वाचवाले."

"उतर पहिले. मंग मी चढतो."

मणभर लोखंड पाठीवर, अर्धा जीव बाहेर, आणि मामा कडेला लोंबकळत माझ्या उतरण्याची वाट बघतोय! मी दुसऱ्या बाजूनं उतरले. तेव्हाच तो वर चढला.

पाळीवर आल्यावर त्यानं टाक्या तपासल्या. एक टाकी पूर्ण रिकामी झाली होती, दुसरी अर्धी. एकच असती तर काय झालं असतं, हे कोणाला सांगावं लागलं नाही. ओंडक्याला दोर काही बांधला गेला नव्हता. "मी पुन्हा जाईन," मामा म्हणाला. "पन दोर रुखमाच्या हातात. नाही तर सिहोऱ्याची एसटी पकडतो."

मग पिंपळाखाली बैठक बसली. एकानं सुचवलं, मामानं म्हशीवर बसून तुडुमापर्यंत जावं. सत्यभामाबाई म्हणाली, पोरीला एका दिवसासाठी दुसऱ्या कोणाची भाची करू. त्यावर खरोखर पंधरा मिनिटं चर्चा झाली, फक्त कोणाची ते ठरेना. मामा-भाची एकदा बसूनच पाहू, असं मात्र मी सोडून कोणीच म्हटलं नाही. शेवटी यादोरावांनी शेजारच्या गावाहून बैलगाडीवर दुसरा डोंगा मागवला. टाक्या पुन्हा भरून येईपर्यंत आठापैकी सात दिवस गेले होते.

आठव्या दिवशी सकाळी तुडुमावर दोन डोंगे उभे होते. एकात मामा आणि गोमाजी. दुसऱ्यात मी, आणि बांबू धरून स्वतः सरपंच.

मामा ओंडक्यासाठीचा जाड दोर घेऊन खाली गेला. एक झटका. दोन झटके, मी ढील दिली. पुन्हा दोन, पुन्हा ढील. मग काहीच नाही. यादोराव कुजबुजले, "ओढ ना वं."

"नाही."

"अवं, मेला असन तो!"

"मेला असन तर घाई कायची? जिता असन तर ओढल्यानं मरन. थांबा."

मी एकशे सत्तरपर्यंत मोजलं. तीन झटके आले. मी ओढलं आणि मामा हसत वर आला, त्याच्या डोंग्याजवळ.

पाळीवर बैलांना हाक दिली गेली. ओंडक्याला बांधलेला दोर कुरकुरला, ताठ झाला, बैल गुडघ्यांवर आले आणि मग एकदम पुढं धावले. ओंडका निघाला. पाळीपलीकडं नहरात पाणी आदळल्याचा आवाज आला आणि सगळं गाव ओरडत आपापल्या धानाच्या बांध्यांकडं पळालं, कारण जो पहिला पाट फोडेल त्याचं धान आधी भिजणार होतं. गोमाजीनं एका क्षणाचाही विचार न करता पाण्यात उडी घेतली. सरपंचांचं शेत नहराच्या शेवटी. तेही धोतरासकट गेले, आणि जाताना बांबू पाण्यात पाडून गेले.

पाळीवर बैल सोडून कोणी उरलं नाही. तलावात मी आणि मामा उरलो, आपापल्या डोंग्यात. तुडूम पाणी ओढायला लागला होता आणि दोन्ही डोंगे हळूहळू तिकडं सरकत होते. मामाच्या छातीवरची पट्टी अडकली होती. टाक्या निघेनात, आणि टाक्यांसकट पोहायचं त्याचं धाडस होईना.

"मामा, येतं का माझ्या डोंग्यात?"

मामानं तुडुमाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "नाही बाप्पा," तो म्हणाला.

त्याच्या कमरेचा दोर अजून माझ्याच हातात होता. टोक दातांत धरून मी उडी मारली, पाळीवर गेले, पाय दगडाला लावले आणि ओढायला लागले. मामा डोंग्यात ताठ बसून, पाठीवर दोन टाक्या, वरातीतल्या नवरदेवासारखा माझ्याकडं यायला लागला.

"हळू ओढ वं!" तो ओरडला. "पट्टी टोचून राहिली!"

मी आणखी जोरात ओढलं.