उखडलेले रूळ

मास्तरांनी खेळण्यातलं लाल डिझेल इंजिन उलटं धरून चाकं फिरवून पाहिली आणि ते पुन्हा बागेतल्या रुळांवर ठेवलं. शिलाईचं दुकान लेकीवर सोपवल्यावर त्यांनी घरामागे असेच रूळ अंथरले होते. त्यांवर धावायला इंजिन मात्र अजून नव्हतं. पहिलं घ्यायचं तर डिझेलच, हे मनाशी पक्कं होतं. म्हणून तर ते या अनोळखी घरी आले होते.

"निळ्याचा आवाज गेलाय, हिरवं अडखळतं," घरधनीण म्हणाली. "लाल न्या. ह्यांचं लाडकं आहे ते."

"त्यांना विचारलंत?"

"त्यांना कुठलं काय कळतंय? पक्षाघाताचा झटका आला तशी वाचा गेली, ओळखही गेली. उद्या आश्रमात नेणार आहोत त्यांना; माझा दादा त्यासाठीच वर थांबलाय. मग घरही विकायचं."

माडीवरच्या खिडकीत उशांना टेकलेला एक चेहरा दिसत होता.

तिने बटण दाबलं. इंजिन गुरगुरत गुलाबांना वळसा घालून निघालं. मास्तर हरखून गुडघ्यांवर बसले. तेवढ्यात वर काचेवर टकटक झाली.

"लक्ष देऊ नका. दिवसभर चालतं ते."

पाण्याच्या टाकीमागे गेलेलं इंजिन धप्पकन चिखलात कलंडलं. टकटक थांबली.

"अगंबाई, तिकडचे रूळ सकाळीच काढलेत, नाही का."

मास्तरांनी इंजिन पुसलं, रुळांवर ठेवलं आणि बटणांची डबी स्वतःच्या हातात घेतली. या वेळी त्यांची नजर खिडकीवर होती. इंजिन सरळ रुळांवर होतं तोवर खिडकीत सगळं शांत. इंजिन टाकीकडे वळताच टकटक सुरू झाली, घाईघाईची. त्यांनी इंजिन थांबवलं; टकटक थांबली. मागे घेतलं, शांतता. पुन्हा पुढे नेलं, आणि काच पुन्हा वाजली.

खिडकीतला माणूस थेट त्यांच्याकडेच बघत होता.

"ताई," मास्तर म्हणाले, "त्यांना सगळं कळतंय."

तिने हलकेच त्यांच्या हातातून डबी काढून घेतली.

"डॉक्टरांनी लिहून दिलंय. फोनवर म्हणालात, तुम्ही शिंपी ना?"

"शिंपीच. पण डोळे आहेत मला. वर जाऊन भेटतो त्यांना."

"झोपलेत ते." तिने लाल इंजिन टॉवेलात गुंडाळलं आणि त्यांच्या हातांत कोंबलं. "असंच न्या. पैसे राहू द्या."

मास्तरांनी ते बोचकं गवतावर ठेवलं.

"उद्या सकाळी लेकीला आणि दुसऱ्या डॉक्टरांना घेऊन येतो. तोवर त्यांना कुठे नेऊ नका."

मान वर करून तिने हाक मारली, "दादा, गाडी आजच बोलाव."

खिडकीत एक धडधाकट हात आला आणि पडदा ओढला गेला.

मास्तर फाटकाशी गेले. बाहेर मात्र पडले नाहीत. फाटक आतून लावून तिथेच उभे राहिले आणि त्यांनी लेकीला फोन लावला. तिला पत्ता देऊन लगेच यायला सांगितलं. सांगून होतं न होतं तोच बाहेर एक पांढरी गाडी येऊन थांबली. आत येण्यासाठी ड्रायव्हरने हॉर्न दिला. मग पुन्हा दिला.

मास्तरांनी कडीवर दोन्ही हात ठेवले.