भुऱ्याची लोकर

भुऱ्याला तुम्ही मारलंत, सेक्रेटरीसाहेब. सोसायटीच्या ग्रुपवर ‘गर्मी से’ असं लिहून खाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकलंत, म्हणून ते खरं होत नाही.

तात्याराव माझे सासरे. माणदेशातले धनगर, सगळा जन्म मेंढरांमागे गेला. सासूबाई वारल्यावर कृष्णातनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्यांना इथे गुरुग्रामला आणलं. कृष्णात फौजेतून सुटून एका टॉवरची सिक्युरिटी बघतो, अंधार पडल्याशिवाय घरी येत नाही. तात्यांना हिंदी येत नाही. आठव्या मजल्यावर त्यांना बोलायला मी आणि भुऱ्या. मी कामात, म्हणजे भुऱ्याच. पांढरा, झुबकेदार, पायानं अधू झालेला म्हातारा कुत्रा. आधीचे भाडेकरू त्याला जिन्यात सोडून गेले होते. तात्या त्याला पाऊसपाणी विचारायचे, गावातल्या कुणाकुणाला शिव्या द्यायचे, आणि तो ऐकायचा.

तुम्ही दारात येऊन सांगितलंत, लिफ्टमध्ये केस पडतात. केस काढा, नाहीतर कुत्रा काढा. मी घाबरले. तात्यांना मराठीत सांगितलं तर हसायला लागले.

“एवढंच व्हय? आगं, जलमभर दुसरं काय केलं मी?”

बाल्कनीत पोतं अंथरलं. कृष्णातनं करोल बागेतून शिंप्याची मोठी कात्री आणली. तात्यांनी भुऱ्याला मेंढरागत कुशीवर पाडलं, मान मांडीखाली घेतली आणि पोटापासून सुरुवात केली. एकदाही कात्री कातडीला लागली नाही. लोकर अखंड उतरत होती, जणू कुणी चादर काढून घेतंय. उन्हाळ्यात कातरलं की जनावराला गार वाटतं, असं ते सांगत होते. दिल्लीकडे आल्यापासून त्यांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं. उतरलेली लोकर त्यांनी फडक्यात बांधली आणि संध्याकाळी तिला पीळ द्यायला बसले. म्हणाले, ह्याच्याच लोकरीची दोरी ह्याच्या गळ्यात घालणार.

दुसऱ्या दिवशी तुम्ही लिफ्टपाशी भेटलात. भुऱ्याची गुलाबी कातडी पाहून नाकाला रुमाल लावलात. “अंकल, ये तो बीमार है.” तात्यांना वाटलं, तुम्ही कौतुक करताय. त्यांनी भुऱ्याची पाठ थोपटून दाखवली.

मग नवा हुकूम. हा कुत्रा फक्त मागच्या लिफ्टनं, आणि तेही भर दुपारी, खाली कुणी नसतं तेव्हा. जून महिना. मी तुमच्याकडे आले, पदर पसरायचा बाकी ठेवला. म्हटलं, सकाळी पाच मिनिटं द्या, तो घरात घाण करत नाही, जीव गेला तरी करणार नाही. तुम्ही म्हणालात, “भाभीजी, रूल सबके लिए एक है.” तुमचा लॅब्रडोर रोज सकाळी पुढच्या लिफ्टनं उतरतो. त्याचे केस गळत नसावेत.

मागच्या गेटपर्यंत तापलेल्या फरशा आहेत. तिथेच भुऱ्या बसला, मग आडवा झाला. तात्यांनी डोक्याचा पटका सोडला, नळाखाली भिजवून त्याला गुंडाळला आणि उचलून घेऊन आले. रिक्षात जीभ बाहेर होती तोवर आशा होती.

डॉक्टर हिंदीत म्हणाले, या जातीचे केस म्हणजे त्याचं छप्पर असतं, ऊन आत येऊ देत नाही. मेंढराचा नियम याला लागत नाही. तात्यांनी विचारलं, काय म्हणतोय? मी खोटं सांगितलं. म्हटलं, वय झालं होतं. पण डॉक्टरांनी भुऱ्याच्या उघड्या पाठीवरून हात फिरवून मान हलवली होती, आणि तात्यांना हिंदी येत नसली तरी डोळे आहेत.

त्या दिवसापासून ते कात्री हातात धरत नाहीत. नखंसुद्धा कृष्णात काढून देतो. फडक्यातली लोकर उशाशी आहे, दोरी अर्धीच राहिली आहे. काल जेवताना एकदाच म्हणाले, “माज्या हातचं मेंढरू कधी मेलं न्हाई, द्वारका.” मी म्हटलं, तात्या, तुमच्यामुळे नाही. त्यांनी ताट सरकवलं.

माझ्यावर त्यांचा विश्वास नाही, मी एकदा खोटं बोलले आहे. म्हणून तुम्ही या. लिफ्ट तुमचीच आहे, हवी तेव्हा या. हिंदीत बोला, या वेळी मी शब्द न् शब्द मराठीत सांगेन. त्या माणसासमोर बसा आणि सांगा: सकाळची पाच मिनिटं दिली असती तर तुमचं काय गेलं असतं?