धक्क्यावरच्या दिव्याचा फोटो

मित्रांनो, जरा कल्पना करा. चहूकडे पांढरं बर्फ, पुढे काळा समुद्र, समुद्रात शिरलेला काँक्रीटचा बांध आणि त्याच्या टोकाला एक बुटकं लाल दीपगृह. दिसलं? मी ते प्रत्यक्ष पाहिलं आहे. मी सिंगापूरमधल्या वुडलँड्सच्या एका फ्लॅटमध्ये राहणारा, फिल्मवर चालणारा जुना कॅमेरा आहे.

माझे मालक शैलेंद्र बंदरं बांधणारे इंजिनिअर. फुलांचे फोटो त्यांनी कधी काढले नाहीत. धक्के, क्रेन, बोटी बांधायचे खुंट, हेच आमचे विषय. "राबणाऱ्या वस्तूंचे फोटो कोणीतरी काढायला हवेत," असं ते म्हणत. मला या कामाचा फार अभिमान होता. सिंगापूरच्या दमट हवेत भिंगाला बुरशी येते, म्हणून ते मला कोरड्या हवेच्या कपाटात ठेवत. इतकी काळजी!

ते लाल दीपगृह वसंतात पाडणार, असं कळलं. म्हणून २००६च्या फेब्रुवारीत शैलेंद्र आपल्या दहा वर्षांच्या लेकीला, क्षिप्राला, घेऊन जपानच्या उत्तरेला होक्काइदोला गेले.

पहिल्या दिवशी घोटाळाच झाला. मला थंडी बाधू नये म्हणून शैलेंद्र प्रत्येक फोटोनंतर मला कोटाच्या आत, छातीशी धरत. बाहेर काढलं की माझ्या भिंगावर वाफ! ती पुसेपर्यंत तिचं बर्फ होई. दिवस असाच वाया गेला. मला स्वतःचीच लाज वाटली.

दुसरा दिवस शेवटचा. अकराची बस गाठायची होती आणि रिळात एकच फोटो उरला होता. चालता चालता मी बर्फासारखा थंड झालो होतो. शैलेंद्र पुन्हा कोटाची बटणं काढू लागले.

"बाबा, नको!" क्षिप्रा ओरडली. "एमआरटीच्या एसी ट्रेनमधून वुडलँड्सला उतरलं की तुझ्या चष्म्याचं काय होतं?"

"आंधळा होतो मी. पण तिथे बाहेर गरम असतं. इथे उलटं आहे, बाळा."

"सेम आहे, लाह!" क्षिप्रा अस्सल सिंगापुरी ढंगात म्हणाली. "थंड काच गरम हवेत गेली की वाफ धरते. आणि तुझा कोट म्हणजे सिंगापूर!"

शैलेंद्र खो खो हसले. "वीस वर्षं बंदरं बांधली, आणि एवढं कळलं नाही मला!"

मित्रांनो, माया करणं सोपं असतं. पण वस्तू सांभाळायची, तर तिला काय मानवतं हे आधी समजून घ्यावं लागतं. ते त्या पोरीने केलं.

मी उघड्या वाऱ्यात क्षिप्राच्या गळ्यात लटकत बांधाच्या टोकाशी पोहोचलो. माझं भिंग लख्ख होतं! शैलेंद्रांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "घे, तूच काढ."

तेवढ्यात फावडं घेतलेले एक आजोबा दीपगृहाच्या दारातलं बर्फ उपसायला आले.

"थांब, ते बाजूला होऊ देत," शैलेंद्र म्हणाले.

क्षिप्राने मान हलवली. "नाही बाबा. तेही राबतायत ना?"

तिने हातमोजा दातांत धरून ओढला, आजोबांनी फावडं वर उचलेपर्यंत श्वास रोखला आणि बटण दाबलं.